भुंगेरे पोहू कसे लागले : एका खणात कोंबलेल्या तीन वाटा

इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनजवळच्या एका तळ्यात १८ फेब्रुवारी १८८२ रोजी पाणभुंगेऱ्याची एक मोठी मादी पकडली गेली. पकडणारा वॉल्टर ड्रॉब्रिज क्रिक हा व्यवसायाने बुटांचा कारखानदार आणि वृत्तीने निसर्गवेडा. मादीच्या पायाच्या टोकाशी एक लहानसा शिंपला आपली दोन्ही दले आवळून लटकला होता. क्रिकने ही हकीकत चार्ल्स डार्विनला पत्राने कळवली आणि पुढे भुंगेरा व शिंपला दोन्ही टपालाने धाडले. पार्सल पोचले तेव्हा भुंगेरा अर्धमेला, पण जिवंत होता. त्याचे हाल लवकर संपावेत म्हणून डार्विनने त्याला लॉरेलच्या चिरलेल्या पानांबरोबर बाटलीत ठेवले. ६ एप्रिलच्या 'नेचर'मध्ये त्याने या जोडगोळीविषयी एक टिपण छापले. १९ एप्रिलला डार्विन वारला.

टिपणाचा विषय होता गोड्या पाण्यातील शिंपल्यांचा प्रवास. पाणभुंगेरा रात्री उडून नवे तळे गाठतो आणि पायाला चिकटलेला प्रवासीही त्याच्याबरोबर पोचतो, एवढाच मुद्दा. पण त्यात केवळ वाहन म्हणून आलेला हा भुंगेरा स्वतःच एक मोठे कोडे आहे, आणि डार्विनला ते तरुणपणापासून ठाऊक होते. 'बीगल' जहाज किनाऱ्यापासून ४५ मैल दूर असताना एक पाणभुंगेरा उडत येऊन डेकवर उतरल्याची नोंद त्याने केली आहे. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये, जीवनकलहाच्या प्रकरणात, या कीटकाच्या चपट्या, केसांची झालर असलेल्या पायांचे उदाहरण येते. वरवर पाहता अशा पायाचा संबंध फक्त पाण्याशी आहे असे वाटते. डार्विनचे म्हणणे असे, की तो संबंध खरे तर पाण्यातील प्रतिस्पर्ध्यांशी, भक्ष्याशी आणि भक्षकांशी आहे. वल्हे पाण्याने घडवले नाही, शेजाऱ्यांनी घडवले.

हे झाले कारण. घडले कसे, हा प्रश्न उरतोच. भुंगेरा हा मुळात जमिनीवरचा कीटक. त्याचा चालण्याचा पाय वल्हे कसा झाला? आणि हे एकदाच घडले की पुन्हापुन्हा? या दुसऱ्या प्रश्नाने अभ्यासकांना फार दिवस चकवले. त्या चकव्याची सुरुवात एका खणापासून होते.

कार्ल लिनीअसने १७५८ साली 'सिस्टेमा नॅचुरे'ची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब आजही या ग्रंथापासून सुरू होतो. लिनीअसला हजारो जीव खणाखणांत लावायचे होते, आणि त्यासाठी झटकन दिसणारी खूण हवी होती. मागचे पाय केसाळ आणि पोहण्याजोगे असलेले भुंगेरे त्याने एका प्रजातीत ठेवले. नाव दिले डायटिस्कस; ग्रीक शब्दाचा अर्थ बुडी मारणारा. या एकाच खणात तीन फार वेगळे रहिवासी होते. एक, आज डायटिस्कस मार्जिनॅलिस म्हणून ओळखला जाणारा पिवळ्या कडेचा शिकारी. क्रिकने पकडलेली मादी याच जातीची. दुसरा, काळाभोर, जाडजूड, आज हायड्रोफिलस पायसियस या नावाने ओळखला जाणारा. तिसरा, पाण्याच्या पृष्ठभागावर गोल गोल गरगरणारा चिमुकला कीटक. आजचा गायरिनस नटेटर.

चारच वर्षांनी, १७६२ मध्ये, पॅरिसचा वैद्य एतिएन लुई जॉफ्रुआ याने आपल्या शहराच्या परिसरातील कीटकांवर ग्रंथ लिहिला आणि या तिघांना वेगवेगळ्या प्रजातींत ठेवले. त्यांच्या स्पर्शिकांकडे पाहिले तरी भेद दिसतो : डायटिस्कसच्या दोऱ्यासारख्या, हायड्रोफिलसच्या टोकाला गाठ असलेल्या, गायरिनसच्या आखूड आणि बोजड. पण खण वेगळे केल्याने नाते कळत नाही. हे तिघे चुलत भाऊ आहेत की नुसतेच एका घाटावर भेटलेले वाटसरू, हे सांगायला १७६२ मध्ये कोणाजवळ साधनही नव्हते आणि तसा प्रश्नही नव्हता. उत्क्रांतीचा विचार यायला अजून शतक जायचे होते.

उत्तर मात्र कोणत्याही तळ्याच्या काठी बसणाऱ्याला दिसू शकत होते. पोहण्याची तऱ्हा पाहायची.

डायटिस्कस पोहताना मागचे दोन्ही पाय एकाच वेळी मागे रेटतो, नावेत बसलेला माणूस दोन्ही वल्ही एकदम मारतो तसा. हायड्रोफिलस असे करत नाही. त्याचे मधले आणि मागचे पाय आळीपाळीने चालतात. डावा, मग उजवा. तो खरे तर पाण्यात चालतोच, फक्त पायाखाली जमीन नसते. श्वास घेण्याची रीतही निराळी. डायटिस्कस वर येतो तो शेपटीकडून, आणि टणक पंखांच्या खाली हवा भरून घेतो. हायड्रोफिलस डोके वर काढतो आणि स्पर्शिकेने पाण्याचा पडदा फोडून हवा आत ओढतो; पोटाखालच्या बारीक केसांत अडकलेली ही हवा चांदीसारखी चमकते. गायरिनस तर बहुतेक वेळ पाण्यात शिरतच नाही. तो हवा आणि पाणी यांच्या सीमेवर राहतो. त्याचे डोळे दुभागलेले असतात. वरची जोडी हवेत पाहते, खालची पाण्यात.

एकाच पूर्वजाने पोहण्याची विद्या वारसांना दिली असती, तर वारस इतके निरनिराळे का पोहतात?

त्यासाठी थोडे मागे, चांगलेच मागे, जावे लागते. उरल पर्वताजवळचे चेकार्दा आणि चेकियातील ओबोरा या ठिकाणी सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या, पर्मियन काळातील भुंगेऱ्यांचे जीवाश्म सापडतात. त्यांचे पुढचे पंख टणक झालेले आहेत, पण अंगावर नीट बसत नाहीत. पोटाच्या मागे लांबवर निघालेले असतात. पुढच्या काळात हे पंख डब्याच्या झाकणासारखे घट्ट बसू लागले. झाडाच्या सालीखाली, फटीत, मातीत घुसणाऱ्या कीटकाला मागचे नाजूक पंख सांभाळण्यासाठी असे झाकण हवेच होते. झाकणाखाली एक पोकळी आपोआप तयार झाली. जमिनीवर ती ओलावा टिकवते; पाण्यात हीच पोकळी हवेची टाकी ठरते. झाकणाचा हा घट्टपणाच मुळात पाण्यातल्या जीवनाने आणला, असे मत रशियन जीवाश्मतज्ज्ञ अलेक्झांडर पोनोमारेंको यांनी भुंगेऱ्यांच्या काही प्राचीन गटांबाबत मांडले आहे. ते मानले वा न मानले, तरी टाकी आधी आणि पोहणे नंतर, हा क्रम बहुतेक पाणभुंगेऱ्यांना लागू पडतो.

पायांचे तसेच. भुंगेऱ्यांच्या दोन मोठ्या शाखांचा इथे संबंध येतो. डायटिस्कस आणि गायरिनस ज्या शाखेत येतात तिचे नाव अ‍ॅडेफॅगा. जमिनीवर धावणारे, शिकार करणारे कॅराबिड भुंगेरेही याच शाखेचे. या साऱ्यांची एक ठळक खूण म्हणजे मागच्या पायाचा अगदी पहिला खंड छातीच्या तळाशी पक्का जखडलेला असतो आणि पोटाच्या पहिल्या पट्टीला मधोमध छेद देतो. असा पाय वाटेल तसा फिरवता येत नाही. पण मागे रेटा मात्र जबरदस्त देतो. ब्रिटिश संशोधक एम. ई. जी. एव्हान्स यांनी १९७७ साली कॅराबिडांच्या चालीचा बारकाईने अभ्यास मांडला, त्यात या रेट्याचा जमिनीवरील उपयोग स्पष्ट झाला : चपटे शरीर दगडाखालच्या फटीत पाचरीसारखे घालायचे आणि मागच्या पायांनी ढकलायचे. पाचर आणि रेटा. हेच यंत्र पाण्यात सोडले, की पाचरीचा निमुळता आकार पाण्याला कमी विरोध करतो आणि रेटा वल्ह्याचे काम करतो. पाण्याने नवे यंत्र मागितले नाही. मातीत घासून तयार झालेलेच उचलले.

हायड्रोफिलस दुसऱ्या शाखेचा, पॉलिफॅगाचा. तिथे मागच्या पायाचा पहिला खंड असा जखडलेला नसतो. मोकळ्या पायांचा प्राणी पाण्यात उतरला आणि चालतच राहिला. त्याची आळीपाळीची चाल ही त्याच्या जमिनीवरच्या पूर्वजांची चाल आहे. लिनीअसने केसांकडे पाहिले. खांद्याकडे, किंवा कीटकाच्या बाबतीत जांघेकडे म्हणा, पाहिले असते तर गोंधळ झाला नसता. अर्थात १७५८ मध्ये जग लावून ठेवायला बसलेल्या माणसाकडून अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

या केसांचे काम मात्र मोठे नामी आहे. वल्हे मागे रेटताना रुंद हवे आणि पुढे आणताना अरुंद, नाहीतर जेवढे पुढे जावे तेवढेच मागे यावे लागेल. नावाडी वल्हे पाण्याबाहेर काढून हा प्रश्न सोडवतो. भुंगेऱ्याला ते शक्य नाही. त्याच्या पायाच्या कडेचे केस बुडाशी बिजागरीसारखे हलतात : पाय मागे जाताना पाण्याच्या दाबानेच ते पसरतात, पाय पुढे येताना दाबानेच मिटतात. उघडझाप करायला वेगळा स्नायू लागत नाही. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ वेर्नर नाख्टिगाल याने १९६० मध्ये डायटिस्किड कुलातील भुंगेऱ्यांच्या आणि १९६१ मध्ये गायरिनसच्या वल्ह्यांचे चित्रीकरण आणि गणित प्रसिद्ध केले, तेव्हा ही यंत्रणा नीट उलगडली. त्याआधी, १९२३-२४ मध्ये, मारबुर्गचा ऑइगेन कोर्शेल्ट याने एकट्या डायटिस्कस मार्जिनॅलिसच्या शरीररचनेवर दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले होते. एका कीटकासाठी दोन खंड! पण त्या भक्कम पायावरच पुढचे काम उभे राहिले.

वल्ह्याची किंमतही मोजावी लागली. डायटिस्कसचा मागचा पाय जवळजवळ एकाच पातळीत हलतो. पाण्यात हेच हवे असते. जमिनीवर तो अक्षरशः पोटावर सरपटतो. चालणे गेले, पण उडणे ठेवावे लागले, कारण तळी आटतात. म्हणून पाणभुंगेऱ्याचे शरीर नेहमी दोन मालकांचे चाकर राहिले : पाण्यासाठी गुळगुळीत आणि जड, हवेसाठी पंखयुक्त आणि हलके. पावसाळ्याच्या रात्री महाराष्ट्रातही दिव्याखाली धप्पकन पडणारे सिबिस्टरसारखे मोठे काळपट भुंगेरे पुष्कळांनी पाहिले असतील. ते तळे बदलायला निघालेले असतात, आणि फरशीवर त्यांची तारांबळ होते ती याच वल्ह्यांमुळे.

गायरिनसची गोष्ट आणखी न्यारी. त्याचे मधले आणि मागचे पाय आखूड, चपटे आहेत आणि केसांच्या जागी पातळ पात्यांची रांग आहे. ती पंख्यासारखी उघडते आणि मिटते. हे पाय सेकंदाला ५० च्या आसपास वेळा हलू शकतात. नाख्टिगालने प्राण्यांमधील सर्वांत कार्यक्षम वल्ह्यांत त्यांची गणना केली. शिवाय पृष्ठभागावर पोहणाऱ्याला एक खास अडचण असते. सेकंदाला सुमारे २३ सेंटिमीटरपेक्षा जास्त वेग झाला की शरीरापुढे लाटा उठू लागतात आणि त्या उठवण्यात शक्ती जाते. पण याच लाटांचा या कीटकाने उपयोगही करून घेतला. त्याच्या आखूड स्पर्शिका पाण्याच्या पडद्यावर टेकलेल्या असतात आणि त्यावरचे हलके कंपन टिपतात. बुडणाऱ्या माशीची धडपड त्याला दुरून कळते. स्पर्शिका बोजड का, याचे उत्तर इथे मिळते.

हायड्रोफिलस परका, हे विसाव्या शतकात सर्वमान्य होते. खरा वाद अ‍ॅडेफॅगाच्या घरातला होता : डायटिस्कस, गायरिनस आणि त्यांच्यासोबतची पाण्यातील इतर कुले एकाच पाण्यात उतरलेल्या पूर्वजाची लेकरे आहेत का? १९६६ साली अमेरिकी अभ्यासक रॉस बेल यांनी ट्रॅकिपॅकस नावाच्या जमिनीवरील एका भुंगेऱ्याच्या रचनेवरून पाणभुंगेऱ्यांच्या उगमाची मांडणी केली. १९८८ मध्ये रोल्फ बॉयटेल आणि रॉबर्ट रफली यांनी उलट टोक गाठले : गायरिनसचे कुल अ‍ॅडेफॅगाच्या वंशवृक्षावर सर्वांत आधी फुटलेली फांदी आहे, आणि बाकी सारे, जमिनीवरचे कॅराबिडसुद्धा, दुसऱ्या बाजूला एकत्र येतात. हे खरे असेल तर गायरिनस आणि डायटिस्कस यांचे पाण्यात उतरणे स्वतंत्र. नाहीतर कॅराबिडांचे पूर्वज पाण्यात राहून पुन्हा जमिनीवर परतले, असे मानावे लागते. दोन्ही शक्यता चक्रावून टाकणाऱ्या.

निवाडा जनुकांकडे गेला. इथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. डार्विनला भुंगेरा पाठवणाऱ्या क्रिकचा नातू म्हणजे फ्रान्सिस क्रिक. जेम्स वॉटसनबरोबर १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडणारा. आजोबांच्या भुंगेऱ्याचे कुलवृत्त वाचण्याची लिपी नातवाच्या पिढीत सापडली.

लिपी सापडली म्हणून वाचन लगेच बिनचूक होत नाही. आल्फ्रीड फोगलर यांच्यासह एका गटाने २००१ मध्ये एका रायबोसोमल जनुकाची तुलना प्रसिद्ध केली. तिचा कौल पाण्यातील सर्व अ‍ॅडेफॅगा एकाच वंशाचे, म्हणजे एकदाच पाण्यात उतरलेले, असा होता. बॉयटेल-रफली यांची मांडणी मागे पडल्यासारखी वाटली. पण एक जनुक म्हणजे एक साक्षीदार. २०१७ पासून शेकडो-हजारो जनुकखंड एकत्र तपासणारे अभ्यास आले आणि त्यांनी पुन्हा गायरिनसच्या कुलाला सर्वांत जुन्या फांदीवर बसवले. पायांकडे आणि छातीकडे पाहून १९८८ मध्ये जे सांगितले होते, ते बरेचसे खरे ठरले.

पाय आणखीही काही सांगतात. हॅलिप्लिड या कुलातील शेवाळखाऊ भुंगेरे अ‍ॅडेफॅगाचेच, पण पोहतात आळीपाळीने. चिमटीत धरल्यावर चर्र आवाज करणारा हायग्रोबिया तर डायटिस्कसच्या जवळच्या नात्यातला. तोही आळीपाळीनेच पाय मारतो. म्हणजे दोन्ही पाय एकदम रेटण्याची डायटिस्कसची तऱ्हा या घराण्यातही मागाहून आली. आधी पाण्यात चालणे, मग वल्हवणे. उत्तर अमेरिकेतील थंड ओढ्यांत राहणारा अ‍ॅम्फिझोआ आजही पोहण्यापेक्षा रांगणेच पसंत करतो. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून अ‍ॅस्पिडायटिस नायोबी हा भुंगेरा एका नव्याच कुलाचा म्हणून जाहीर झाला. तो कड्यावरून झिरपणाऱ्या पाण्याच्या पातळ थरात राहतो. ग्रीक पुराणात रडता रडता दगड झालेल्या नायोबीचे नाव त्याला शोभते. २००५ मध्ये व्हेनेझुएलातील मेरू फिलिसी या एक मिलिमीटरहूनही लहान भुंगेऱ्यासाठी आणखी एक कुल निर्माण करावे लागले. तोही धबधब्याजवळच्या ओल्या खडकावरचा.

हे ओल्या खडकांवरचे रहिवासी म्हणजे जमीन आणि पाणी यांच्यामधली पायरीच, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. आजचा कोणताही जीव आजच्या दुसऱ्या जीवाचा पूर्वज नसतो. अ‍ॅस्पिडायटिसचे पूर्वज कदाचित चांगले पोहत असतील आणि त्याने पोहणे सोडले असेल. असे सोडणे घडते. भारत-नेपाळच्या डोंगराळ भागातील जिओडेसस हा डायटिस्किड कुलातील भुंगेरा पाण्यात नव्हे, तर ओल्या पालापाचोळ्यात राहतो. हायड्रोफिलसच्या कुलातील कित्येक भाऊबंद तर तळे सोडून गुरांच्या शेणात स्थायिक झाले आहेत.

मग खरा काळ कोणता? त्यासाठी दगडच हवेत. चीनचा प्राणिशास्त्रज्ञ बिंग झी याने १९२८ मध्ये शानतुंग प्रांतातील लाइयांगच्या थरांतून कॉप्टोक्लाव्हा लाँगिपोडा या भुंगेऱ्याचे वर्णन केले. क्रिटेशस काळातील हा शिकारी. मधले व मागचे पाय वल्ह्यासारखे. त्याचे कुल ट्रायासिक काळापासून पाण्यात नांदले, पूर्व आशियातील तळ्यांत विपुल झाले आणि नंतर संपले. आज त्याचा एकही वंशज नाही. पोहता येणे ही तरण्याची हमी नव्हती.

आणि २०१८ मध्ये एव्हगेनी यान, रोल्फ बॉयटेल आणि जॉन लॉरेन्स यांनी मध्य सायबेरियातील अनाकित येथील पर्मियन काळाच्या अखेरीच्या थरांतून एक जीवाश्म प्रसिद्ध केला. नाव तुंगुस्कागायरस. लेखकांत बॉयटेल आहेत हे लक्षात घेण्याजोगे. १९८८ मधील फांदीच्या वादातले तेच ते. हा भुंगेरा गायरिनसच्या वंशाच्या मुळाशी बसतो आणि पृष्ठभागावर पोहण्याची खास रचना त्याच्यात २५ कोटी वर्षांपूर्वीच दिसते. काही जुनी, आजच्या गायरिनसमध्ये न उरलेली लक्षणेही त्याच्या अंगावर आहेत. त्यापूर्वीचा या कुलाचा सर्वांत जुना पुरावा ट्रायासिकच्या उत्तरार्धातला होता. मधल्या काळात, याच सायबेरियात लाव्हारसाचे प्रचंड लोट वाहिले आणि पृथ्वीवरील सर्वांत मोठे महाविलोपन घडले. समुद्रातील बहुसंख्य जाती नाहीशा झाल्या. सायबेरियातील त्या पाण्यावर गरगरणाऱ्या इवल्या भुंगेऱ्याचा वंश मात्र पलीकडे पोचला, आणि त्याचे वारस आजही तळ्यातळ्यांवर तशाच गिरक्या घेत आहेत.